चरायला जाणाऱ्या गाईंवर गोचीड परत परत येतात, "लस" देऊनही? मग हे क्रमानं तपासा

"आण्णा, लस टोचली, औषध मारलं, तरी गोचीड काय हटत नाहीत बघा." बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी ह्या पट्ट्यात मी चौदा वर्षं गाई भरवायला, म्हणजे रेतन करायला फिरतोय, आणि गणपती झाले की सुगीपर्यंत हे वाक्य आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकायला मिळतं. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. पण हाच एक त्रास इतक्या गोठ्यांत बघितलाय आणि इतक्या वेळा मुळापासून काढलाय की कुठं चुकतं ते आता बऱ्यापैकी कळतं, म्हणून सगळं एका जागी लिहितोय. सोप्या आणि बिनखर्ची गोष्टी आधी, अवघड नंतर. मधलं काही गाळू नका, कारण बहुतेक गोठ्यांत चूक पहिल्या तीन-चार गोष्टींतच सापडते आणि लोक मात्र थेट महागड्या इंजेक्शनवर उडी मारतात.

कशावरून ओळखायचं

गाय खांबाला, झाडाला अंग घासते, शेपूट सारखी मारते, चरून आल्यावर निवांत बसत नाही. कानाच्या आत, गळ्याच्या पोळीखाली, मांडीच्या आतल्या बाजूला, कासेवर आणि शेपटीच्या मुळाशी हात फिरवला की खडे लागल्यासारखं लागतं. केस खरबरीत होतात, कातडी जागोजागी खपल्या धरते. दूध हळूहळू उतरतं, एकदम नाही, म्हणून लक्षातच येत नाही. डोळ्याची खालची पापणी ओढून बघा, आत गुलाबी हवं, पांढरट फिक्कट दिसलं तर गोचिडांनी रक्त बरंच ओढलंय असं समजा.

आणि परत परत येण्याचं लक्षण म्हणजे औषध मारल्यावर चार दिवस बरं वाटतं, पंधरा-वीस दिवसांनी पहिल्यासारखं. जर्सी आणि एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) ह्या विदेशी जातींच्या क्रॉसवर जास्त, खिल्लार किंवा गावठी गाईवर कमी, म्हशीवर त्याहून कमी. एकाच दावणीला बांधलेल्या जनावरांत एवढा फरक दिसतो म्हणून लोक गोंधळतात, पण तो जातीचा फरक आहे, औषधाचा नाही.

सगळ्यात आधी: कोणत्या दिवशी कसला गोचीड दिसतो

ह्याला एक रुपया लागत नाही आणि निम्मं उत्तर इथंच मिळतं. औषध मारल्यावर तिसऱ्या दिवशी आणि दहाव्या दिवशी मोबाईलची टॉर्च लावून कान उलटा करून बघा.

तिसऱ्या दिवशी मध्यम, मोठे गोचीड जिवंत असतील, पाय हलवत असतील, तर औषधात किंवा मारण्याच्या पद्धतीत खोट आहे. तिसऱ्या दिवशी अंग स्वच्छ आणि दहाव्या दिवशी तिळाएवढे बारके बारके दिसले, तर औषधानं त्याचं काम केलंय, हे नवीन चढलेले आहेत, गोठ्यातून किंवा चराऊ रानातून. ह्या दोन गोष्टींचा इलाज पूर्ण वेगळा आहे. आणि लोक दोन्हीला एकच इलाज करतात, औषध डबल कडक.

का ते सांगतो. आपल्याकडं गाईवर जो सगळ्यात जास्त असतो तो निळसर करड्या रंगाचा, आखूड पायांचा गोचीड, ह्याला बूफिलस म्हणतात. तो बारका असताना एकदा गाईवर चढला की साधारण २१ दिवस तिथंच राहतो, तिथंच मोठा होतो, मादी रक्त पिऊन एरंडाच्या बीएवढी फुगते आणि खाली पडते. खाली पडलेली ती एक मादी फटीत, शेणाखाली, दगडाखाली दोन-तीन हजार अंडी घालून मरते. अंड्यातून निघालेली पिल्लं गवताच्या टोकाला चढून पुढचे पाय पसरून वाट बघत बसतात, आणि दमट हवेत महिनोन् महिने उपाशी जगतात. म्हणजे गाईवर दिसतात ते थोडे, खरी फौज जमिनीवर आहे. ह्यापुढं जे जे सांगतोय त्या सगळ्याचा हेतू एकच, भरलेली मादी जमिनीवर पडू द्यायची नाही.

दुसरा एक गोचीड असतो, तपकिरी, मोठा, लांब पायांचा आणि पायावर पांढरे पट्टे, तो ह्यालोमा. तो अंगावरून उतरून भिंतीच्या फटीत लपतो आणि परत चढतो. हा दिसला तर गोठ्याकडं जास्त लक्ष द्यायचं, कारण थायलेरिया नावाच्या रक्तातल्या जंतूचा ताप हाच पसरवतो.

"लस" म्हणून नक्की काय टोचलं ते बघा

ह्यावर जरा थांबतो, कारण सगळ्यात मोठा गैरसमज इथं आहे. "गोचिडाची लस दिली" असं कोण म्हणालं की मी रिकामी बाटली मागतो. आणि दरवेळी ह्या तिनापैकी एक निघतं.

एक, आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन. ही लस नाहीच, औषध आहे. काही दिवस रक्तात राहतं, तेवढ्यात जे गोचीड रक्त पितील त्यांच्यावर काम करतं, मग संपलं. त्यातून शरीर काही शिकत नाही. आणि दूध देणाऱ्या गाईला हे टोचू नये, कारण औषध दुधात उतरतं आणि ते दूध आपलीच पोरं पितात. गावात कितीतरी ठिकाणी दुभत्या गाईला बिनधास्त टोचतात, हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

दोन, थायलेरियाची लस. हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स कंपनी रक्षावॅक-टी नावानं ती बनवते. ती चांगली आहे, क्रॉस गाईला उपयोगी आहे, पण ती गोचीड चावल्यामुळं येणाऱ्या तापाविरुद्ध आहे, गोचिडाविरुद्ध नाही. ही लस दिलेल्या गाईवर गोचीड पहिल्यासारखेच चढणार, फक्त थायलेरियानं गाय दगावायचा धोका कमी होतो. लाल लघवीचा ताप वेगळ्या जंतूचा, त्यावर हिचा उपयोग नाही. म्हणून "लस फेल गेली" म्हणू नका.

तीन, सरकारी मोहिमेतली लाळ्या-खुरकूताची लस, जी सहा महिन्यांनी घरोघरी येऊन देतात, किंवा घटसर्प, फऱ्या, लम्पी ह्यातली एखादी. ह्यातल्या एकीचाही गोचिडाशी संबंध नाही. गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर १२ आकडी नंबर असतो, तो दवाखान्यात सांगितला तर मोहिमेतल्या कोणत्या लसींची नोंद आहे ते बघता येतं.

मग खरोखरची गोचिडाविरुद्धची लस नसतेच का? असते. क्युबानं १९९३ च्या सुमारास गावॅक काढली, ऑस्ट्रेलियात १९९४ ला टिकगार्ड आली. दोन्हींचा पाया एकच, गोचिडाच्या आतड्यातलं बीएम८६ नावाचं प्रोटीन. गाईला हे प्रोटीन टोचलं की तिच्या रक्तात त्याविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात, गोचीड रक्त प्यायला की त्या त्याच्या पोटात जाऊन आतड्याच्या भिंतीलाच खातात. पण नीट लक्ष द्या, गोचीड फवाऱ्यासारखा पटापट मरून पडत नाही. माद्या कमी भरतात, कमी वजनाच्या होतात, अंडी कमी घालतात. म्हणजे आज टोचली आणि उद्या अंग साफ असं कधीच होत नाही, फरक पुढच्या पिढीत दिसतो, आणि तोही एकट्या गाईला देऊन नाही, एका रानात चरणाऱ्या सगळ्या कळपाला दिली तर. शिवाय बूस्टर परत परत द्यावा लागतो, ऑस्ट्रेलियातली लस तर पुढं बाजारातून गेलीच. बूफिलसवरसुद्धा हिचा परिणाम प्रदेशाप्रमाणं कमीजास्त होतो, आणि ह्यालोमावर आणखी कमी. आपल्याकडं बरेलीजवळ इज्जतनगरच्या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत ह्यावर बरीच वर्षं काम चालू आहे. पण आपल्या मेडिकलमध्ये जाऊन "गोचिडाची लस द्या" म्हणून मिळेल अशी वस्तू आज नाही. कोण विकत असेल तर बाटलीवरचं नाव वाचा, फोटो काढा, डॉक्टरला दाखवा, मगच पैसे द्या.

अशी लस उद्या आली तर मी पहिल्यांदा चरणाऱ्या गाईंना द्या म्हणेन, कारण बांधून खाणाऱ्या गाईचा गोठा साफ करता येतो, गायरान कोण साफ करणार? पण तोवर लस जे काम करते तेच आपण हातानं करायचं.

वासरू तपासा

घरात बांधूनच असणारं, चरायला न जाणारं वासरू किंवा म्हैस असेल तर तिचे कान बघा. तिच्यावरही गोचीड असतील तर उगम गोठ्यात आहे. चरणाऱ्यांवरच असतील आणि बांधलेल्यांवर नसतील तर उगम रानात. पाच मिनिटांचं काम आहे, पण ह्यावरून पुढं पैसा कुठं घालायचा ते ठरतं.

फवारणी कशी करताय

आता बाटली हातात घ्या. डेल्टामेथ्रिन १२.५ चं (म्हणजे एका मिलीत १२.५ मिलिग्रॅम, टक्के नव्हे) असेल तर गोचिडासाठी लिटरला २ मिली, अमिट्राझ १२.५ टक्केवालं असेल तर तेही लिटरला २ मिली, पण बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या येतात म्हणून लेबल वाचाच. लेबलवरची बारीक अक्षरं कळत नसतील तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. झाकणानं अंदाजे ओतायचं बंद करा, पाच रुपयाची सिरिंज आणा. पातळ झालं तर अर्धवट मार खाल्लेले गोचीड वाचतात आणि त्यांचीच पिल्लं पुढं त्या औषधाला दाद देत नाहीत. घट्ट झालं तर गाईलाच विषबाधा.

पाणी किती वापरता हेही बघा. मोठ्या गाईला कमीत कमी तीन लिटर मिश्रण पाहिजे, कातडीपर्यंत भिजली पाहिजे. मी बघतो तर एक लिटरमध्ये चार गाई उरकतात, पाठीवर फुसफुस केलं की झालं. पण गोचीड पाठीवर बसतात का? कानात, पोळीखाली, कासेच्या मागं, शेपटीखाली बसतात. तिथं पंप पोचत नसेल तर फडकं भिजवून हातमोजा घालून पुसा, डोळे सांभाळून. गोठ्यातली सगळी जनावरं एकाच दिवशी, ज्यावर दिसत नाहीत तीसुद्धा, नाहीतर उरलेलं एक जनावर सगळ्यांना पुरतं. अगदी लहान वासरं, गाभण आणि रक्त कमी झालेली जनावरं ह्यांना मात्र डॉक्टरला विचारूनच.

सकाळी धार काढून झाल्यावर, पोटभर पाणी पाजून मग फवारा, म्हणजे गाय तहानेनं अंग चाटणार नाही. भर उन्हात नको, जखमेवर नको, पाऊस येणार असेल तर नको. संध्याकाळी धारेआधी कास स्वच्छ धुवा. पंप विहिरीत, ओढ्यात धुवू नका, ह्या औषधांनी मासे पटकन मरतात.

आणि हात जोडून सांगतो, पिकावर मारायचं औषध गाईवर मारू नका. उसाचं, भाताचं, तंबाखूचं उरलेलं औषध "हे पण किडेच मारतं" म्हणून गाईवर मारलेलं मी पाहिलंय. एका घरची सात महिन्यांची गाभण कालवड होती, तोंडातून लाळ, अंग थरथर, मागचे पाय लुळे. डॉक्टर वेळेत पोचले म्हणून ती वाचली, वासरू गेलं. त्या घरच्या आक्का दावणीपाशी बसून कालवडीच्या तोंडाची लाळ पदरानं पुसत होत्या, ते डोळ्यापुढून जात नाही.

तारीख

गाईवर गोचीड २१ दिवस राहतो, मग मादी पडते. म्हणून दुसरी फवारणी "दिसायला लागले की" नाही, तर मादी भरायच्या आधी, १८ ते २० दिवसांनी, गाय स्वच्छ दिसली तरी. लेबलवर दोन फवारण्यांत अंतर जास्त सांगितलं असेल तर डॉक्टरला विचारून वेळ बसवा. असे ओळीनं चार-पाच फेरे झाले की रानातली आणि गोठ्यातली पिल्लं गाईवर चढत राहतात आणि अंडी न घालता संपत जातात, गाय म्हणजे जणू सापळाच. कॅलेंडरवर खुणा करा. हा एकच बदल करून निम्म्या घरांचा प्रॉब्लेम आटोक्यात आलेला मी बघितलाय, आणि सगळ्यात जास्त लोक इथंच कंटाळतात, कारण स्वच्छ दिसणाऱ्या गाईवर औषध मारायला मन घेत नाही.

गोठा

आमच्याकडं गोठे चिऱ्याचे, सांध्यात माती. एकदा एका गोठ्यात भिंतीच्या सांध्यातली माती स्क्रू-ड्रायव्हरनं उकरली, गव्हाणीपासून वीतभर वर, तर आतून चमकदार तपकिरी खसखशीसारखा पुंजकाच्या पुंजका खाली आला. बाजूलाच सुकून चपटी झालेली मादी. घरधनी म्हणाले, "ही काय बुरशी?" अंडी होती ती. त्या घरी वर्षभर गाईवर औषध चाललं होतं आणि भिंतीला कुणी हातच लावला नव्हता.

तर फटी उकरा, निघेल ते जाळा, सिमेंटनं बुजवा, चुना मारा, दावणीचे खुंटे, गव्हाणीची लाकडं, खालची फरशी सगळीकडं. गाईवर फवारता त्याच दिवशी भिंतीवरही लेबलप्रमाणं फवारा, जनावरं बाहेर काढून. बर्नरनं फटी भाजणारे आहेत, चालतं, पण वर गवताचा माच, कौलाखाली लाकूड असेल तर अजिबात नको. शेणाचा ढीग गोठ्याला लागून ठेवू नका. गावठी कोंबड्या गोठ्यात सोडा, त्या पडलेले गोचीड टिपून खातात, फक्त औषध मारलेल्या दिवशी आणि पुढचे काही दिवस कोंडून ठेवा.

चराऊ रान

हे अवघड, कारण हे एकट्याच्या हातात नसतं. आधी खात्री करा. जुन्या धोतराचा पांढरा तुकडा काठीला बांधून सकाळी गवतावरून ओढत न्या, पन्नास-शंभर पावलं, मग उलटून बघा. बारके ठिपके चालताना दिसले की तेच ते. पाणवठ्याजवळ, झाडाखाली जिथं गाई बसतात तिथं आणि पायवाटेच्या कडेला जास्त सापडतात. पूर्ण पँट, मोजे घालून जा.

ज्या तुकड्यात जास्त सापडले तो तीन-चार महिने बंद ठेवता आला तर ठेवा, त्यात एप्रिल-मे आला तर उत्तम, कडक उन्हात पिल्लं सुकून मरतात. भात निघाल्यावर मोकळ्या शेतात आधी चारा, जंगलकड नंतर. रान पेटवू नका, जंगल जळतं आणि गुन्हा दाखल होतो तो वेगळाच.

आणि शेजाऱ्यांशी बोला. गायरानात पन्नास गाई चरत असतील आणि तुम्हीच दोन गाईंना औषध मारत असाल तर उरलेल्या अठ्ठेचाळीस रोज तिथं माद्या टाकणारच. आमच्या एका वाडीत डेअरीवर संध्याकाळी दूध घालायला येतात तेव्हा बोलून सगळ्यांनी एकच तारीख धरली, औषध एकत्र आणलं, त्या वर्षी दिवाळीला गाईचे कान स्वच्छ होते. बाजारातून आणलेलं नवं जनावर आठ-दहा दिवस वेगळं बांधा आणि औषध मारूनच कळपात सोडा.

जंगलात चरणाऱ्यांसाठी आणखी एक. शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात १९५७ ला सापडलेला माकडताप आपल्याला लागून असलेल्या दोडामार्ग आणि गोव्याच्या सत्तरी भागातही आला. तो जंगलातल्या गोचिडाच्या पिल्लांपासून माणसाला होतो, आणि ते गोचीड वाढतात चरणाऱ्या गुरांवर. म्हणून गोचीड नखानं चिरडू नका, उघड्या हातानं ओढू नका, चिमटा वापरा, डब्यात औषधाच्या पाण्यात टाका. चरवून आलात की गरम पाण्यानं आंघोळ, कपडे वेगळे. मेलेलं माकड दिसलं तर त्या बाजूला गुरं नेऊ नका आणि आरोग्य केंद्रात कळवा. रानात गेलेल्या माणसाला जोराचा ताप, अंगदुखी आली तर सरकारी दवाखान्यात जा आणि जंगलात जातो हे सांगा.

औषधच लागू होत नाही का, ते बघायची बरणी

वरचं सगळं नीट केलं, तरी तिसऱ्या दिवशी जिवंत गोचीड, तर औषधाला ते सरावलेत असा संशय घ्या. वीस भरलेल्या माद्या चिमट्यानं काढा, तोंड न तोडता. दहा लेबलप्रमाणं केलेल्या औषधाच्या पाण्यात दोन मिनिटं बुडवा, दहा साध्या पाण्यात. टिपकागदावर सुकवून दोन वेगळ्या बरण्यांत ठेवा, तोंडाला दाट कापड बांधा, सावलीत, पोरांच्या हाताला लागणार नाही असं. दोन आठवड्यांनी बघा. औषधाच्या बरणीतही साध्या पाण्याच्या बरणीएवढीच अंडी दिसली तर ते औषध तुमच्या गोठ्यात संपलं, दुसऱ्या कंपनीची तीच बाटली आणून उपयोग नाही, औषधाचा गटच बदलावा लागतो. डेल्टामेथ्रिन आणि सायपरमेथ्रिन एकाच घरचे, अमिट्राझ वेगळ्या घरचं. नंतर दोन्ही बरण्या उकळत्या पाण्यात. ही घरगुती चाचणी आहे, पक्कं उत्तर डॉक्टर किंवा पशुवैद्यकीय कॉलेजच देईल, पण डॉक्टरकडं जाताना हे सांगितलं तर त्यांचा वेळ वाचतो. दोन औषधं एकत्र मिसळून मारायचा प्रयोग करू नका.

इथं थांबा, डॉक्टरला बोलवा

थर्मामीटर घरात ठेवा. गाईचं अंग साधारण १०१.५ असतं, १०३ च्या वर गेलं की गोचिडाचं राहू द्या, आधी तापाचं बघा. खांद्यापुढची गाठ सुजून हाताला लागते, डोळे पांढरे किंवा पिवळे, धाप, रवंथ बंद, लघवी लाल किंवा कॉफीसारखी, ह्यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी, उद्यावर नाही. थायलेरिया, लाल लघवीचा ताप आणि ॲनाप्लाझ्मा (हाही गोचिडानं पसरणारा रक्ताचा आजार) ह्या तिन्हींची औषधं वेगवेगळी आहेत, रक्त तपासूनच नीट कळतं, मेडिकलवाल्यानं अंदाजानं दिलेलं इंजेक्शन घेऊन दोन दिवस घालवले की गाय हातातून जाते. फवारल्यावर लाळ, थरथर, तोल जाणं दिसलं तर अंग भरपूर पाण्यानं धुवा आणि बाटली हातात ठेवून फोन करा. गाभण गाय, महिन्याच्या आतलं वासरू, रक्त कमी झालेलं जनावर, ह्यांच्यावर स्वतःच्या मनानं काहीच नको. इंजेक्शन, पाठीवर ओतायचं औषध, थायलेरियाची लस हेही डॉक्टरच ठरवतील.

कर्नाटकात १९६२ ह्या नंबरला फोन केला की जनावरांची ॲम्ब्युलन्स येते. फोनवर कन्नडच बोललं तर घाबरू नका, "दनक्क उण्णी आग्यावरी, ज्वर बंदैती" (जनावराला गोचीड झालेत, ताप आलाय) एवढं म्हटलं तरी कळतं. डॉक्टर यायच्या आधी कागदावर लिहून ठेवा: कोणतं औषध, किती मिली, कोणत्या तारखेला, तिसऱ्या दिवशी काय दिसलं, दहाव्या दिवशी काय दिसलं, गाय किती महिन्यांची गाभण, आणि कानातल्या बिल्ल्याचा नंबर. रिकाम्या बाटल्या फेकू नका, त्या कागदाशेजारी मांडून ठेवा.